चार नंबर गैरहजर

रविवार, आठ फेब्रुवारी. सकाळी सव्वासहा. शेळ्यांचा गोठा, दिघाशी.

हजर: मी. धाकटी जाऊ. आमचे हे, दारात, तोंडात ब्रश. शेळ्या एक, दोन, तीन, पाच, सहा, सात. करडं दोन, वय सहा दिवस, डालग्याखाली.

गैरहजर: चार नंबर.

त्या सकाळी वहीत लिहिलं होतं तसंच उतरवलं आहे. आज पाहिलं तर अक्षर माझं वाटत नाही. ‘गैरहजर’मधल्या दोन मात्रांच्या जागी नुसता एक ओरखडा आहे. पण लिहिलं खरं. घरात काही झालं की माझा हात आधी वहीकडे जातो आणि मग डोकं चालू होतं. त्या दिवशी हात गेला, डोकं मात्र बराच वेळ चालू झालं नाही.

आदल्या दुपारी मी आणि जाऊ वडप्याला एका हळदीला गेलो होतो. आमच्याकडे हळद म्हणजे रात्रभराचं काम, म्हणून मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न होतं. पहाटेच्या टमटमने घरी यायचं, दूध काढायचं, बाटल्या भरायच्या, अंघोळी करून परत लग्नाला जायचं, असं ठरलं होतं. संध्याकाळचं दूध काढायला शेजारची एक मुलगी येऊन गेली होती. तिला मी दोन आणि तीन नंबरचंच सांगितलं होतं. चार नंबर नुकतीच व्यायलेली, पहिलटकर नसली तरी नवख्या हाताला लाथ मारते. तिची कास शनिवारी दुपारी निघताना मी स्वतः मोकळी केली होती. रात्री करडं सोडायचं काम ह्यांच्याकडे दिलं होतं. म्हणजे बांबूचं डालगं उचलायचं, बस.

चार नंबरची जागा कोपऱ्यात. खुंटा होता, दोर नव्हता. खाली लेंड्या सुकलेल्या.

“चार नंबर कुठाय?” मी विचारलं.

“चार नंबर म्हणजे?” ह्यांनी ब्रश बाहेर काढला.

“कोपऱ्यातली.”

“ती होय. ती गेली काल. साडेचारला टेम्पो आला होता ना. तूच लिहिलं होतंस.”

आणि त्यांनी ब्रशनेच दारावरचा पत्रा दाखवला. त्या पत्र्यावर मी खडूने आठवड्याची कामं लिहिते. शनिवारच्या रकान्यात माझ्याच अक्षरात होतं: व्यापाऱ्याचा टेम्पो, पिवळी पट्टी, सोडून देणे.

इथे पट्ट्यांचं सांगायला हवं. आमच्या सातही शेळ्या काळ्या, उंचीला सारख्या. चार वर्षांपूर्वी शेळ्या घेतल्या तेव्हा मी त्यांच्या गळ्यात रंगीत पट्ट्या बांधायला सुरुवात केली. भिवंडीत चिंध्यांना तोटा नाही, लूमवरून उतरलेल्या कापडाच्या किनारी पोत्याने मिळतात. लाल पट्टी दुधाची, हिरवी गाभण, पांढरी अजून लहान, पिवळी विकायची. कल्पना ह्यांच्याकडूनच उचललेली. हे वडप्याला एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला आहेत. तिथे खोक्यांवर रंगीत लेबलं असतात आणि कुठलं खोकं कुठल्या गाडीत जायचं ते लेबलावर ठरतं. मला ते फार आवडलं होतं. पिवळी पट्टी सहा नंबरच्या गळ्यात होती. दोनदा बोकड दाखवूनही ती गाभण राहिली नव्हती.

मी सहा नंबरकडे पाहिलं. तिच्या गळ्यात लाल पट्टी होती. स्वच्छ धुतलेली, घडी मोडलेली दिसेल इतकी ताजी.

“पट्ट्या कोणी बदलल्या?”

जाऊ डालग्याशी वाकली होती. ती तशीच राहिली.

“मी धुतल्या,” ती म्हणाली. “शुक्रवारी. वास मारत व्हत्या. मग तिची पाचवी व्हती ना ताई, करडांचा पाचवा दिवस. घरात सगळ्यांच्या बाळंतिणींची करतो, तिची कोन करनार? हळदीचं बोट लावला आन् पिवळी पट्टी बांधली. पिवळा रंग बाळंतिणीला चांगला.”

“आणि रंगांचं काय? लाल म्हणजे काय, पिवळी म्हणजे काय, तुला ठाऊक नव्हतं?”

“मना कशाला पट्ट्या? मी काय पोस्टात हाय, शिक्के बघून ओळखायला? सगळ्यांची तोंडं वेगळी हायत.”

तिने चार वर्षांत ते कधी विचारलं नव्हतं. मीही कधी सांगितलं नव्हतं. पत्र्यावर लिहिलेलं आहे म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे असं मी धरून चालले होते. जाऊ पत्रा वाचत नाही.

“पण अहो, कास!” मी ह्यांच्याकडे वळले. “कासेला थैली बांधलेली होती. एवढी मोठी कास दिसली नाही तुम्हाला?”

व्यायलेल्या शेळीच्या कासेला आम्ही कोऱ्या मांजरपाटाची थैली बांधतो, एक सड बाहेर ठेवून, म्हणजे करडं सुटली तरी सगळं दूध लुचून टाकत नाहीत.

“मला वाटलं सगळ्यांनाच लंगोट बांधता तुम्ही.” ते खरंच तसं म्हणाले. “मी लेबल बघितलं, माल सोडला. रोज तेच करतो मी.”

जाऊने डालगं उचललं आणि दोन्ही करडं धडपडत बाहेर आली, कोपऱ्यातल्या रिकाम्या खुंट्यापाशी जाऊन उभी राहिली आणि ओरडायला लागली. आवाज बसलेला होता. म्हणजे रात्रभर ओरडत होती.

“रात्री ओरडली नाहीत का?”

“ओरडत होती. दूध पाहिजे असेल म्हणून मी बिस्किटं भिजवून दिली दोन.”

सहा दिवसांच्या करडांना बिस्किटं. त्यांच्या तोंडाला, पायांना, पोटाला पीठ सुकून चिकटलं होतं.

त्या व्यापाऱ्याकडे गेलेली शेळी परत येत नाही. तो दुधाचा व्यापारी नाही. भिवंडीत त्याचा वाडा आहे, तिथून माल घरोघरी आणि दुकानांना जातो. रविवार हा त्याचा सगळ्यांत मोठा दिवस. हे मला नीट ठाऊक होतं, कारण दर वर्षी दोन-तीन शेळ्या आणि सगळे बोकड मी त्यालाच देते. यादी करते, फोन करते, टेम्पो येतो. माझा हात त्या वेळी कधी चुकला नव्हता. त्या सकाळी नंबर शोधताना बोट दोनदा भलत्याच नावावर पडलं.

फोन लागला नाही. परत लावला. लागला नाही.

मग मी दूध काढायला बसले. ऐकायला विचित्र वाटेल, पण माणसाला धक्का बसला म्हणून कास थांबत नाही. दोन नंबरची कास कोमट पाण्याने धुतली, पुसली, पहिल्या दोन धारा वाटीत काढून पाहिल्या, गाठ नव्हती, मग भांडं धरलं. मूठ आपोआप चालत होती. दुधाची बाटली भरली, बूच लावलं, जाऊकडे दिली. तिने एक करडू मांडीत घेतलं. ते पीत होतं आणि मध्येच थांबून ओरडत होतं.

सातला फोन लागला.

“भाभी, सबेरे सबेरे?”

मी एका दमात सांगितलं. चुकीची शेळी गेली. दुधाची आहे. करडं आहेत. कापू नका.

“अरे बापरे,” तो म्हणाला. “भाभी, काल संध्याकाळी सहा घरी माल गेला. दोन जागी तर रात्रीच काम झालं असेल. बाकी वाड्यात आहेत दहा-बारा. तुमची दिसते कशी?”

“काळी.”

“सगळ्या काळ्या आहेत.”

“सोमवारी व्यायली. दोन करडं. दिवसाला पावणेदोन लिटर दूध देते. नोव्हेंबरात जंताचं औषध दिलंय, लस डिसेंबरात.”

“भाभी, मैं दिखने का पूछ रहा हूँ. कानावर काही सफेद? शिंग कसं? कपाळावर काही?”

माझ्या वहीत चार नंबरची चार पानं आहेत. कधी घेतली, कधी गाभण, किती दूध, कुठल्या महिन्यात खोकली. कान कसे होते? मी रोज दोन वेळा तिच्या कुशीला डोकं टेकून बसते. दूध काढताना शेळीचा चेहरा दिसत नाही, हे खरं, पण चार वर्षं? मी डोळे मिटून बघण्याचा प्रयत्न केला. मला पट्टी दिसली. लाल.

“हॅलो? भाभी?”

जाऊने बाटली खाली ठेवली आणि माझ्या हातातून फोन घेतला.

“डाव्या कानाचा टोक सफेद हाय, तांदळाएवढा. उजवा शिंग मागं वळलेला, डावा सरळ. वरचा व्हट जरा फाटका हाय, लहानपनी तार लागलेली. आन् हाक मारली की आधी मान वाकडी करते, मग ओ देते. मी येते. मी येईस्तोवर कोनाला हात लावून देऊ नको.”

फोन मला परत दिला.

आम्ही स्कूटरवरून निघालो. मी पुढे, जाऊ मागे, दोघींच्या अंगावर कालच्याच हळदीच्या साड्या. ह्यांना करडांकडे बघायला सांगितलं. “बाटलीने, दोन-दोन तासांनी, आणि बिस्किटं नाही,” एवढंच मला सुचलं. पुढे सांगण्यासारखं आणखी बरंच काही होतं, ते नंतर कळलं.

वाटेत जाऊ एकदाच बोलली. “ताई, हळू. तुमचा लक्ष न्हाय.” एका कंटेनरच्या मागे मी इतकी जवळ गेले होते की त्याच्या मागच्या दिव्यावरची धूळ दिसत होती.

वाडा म्हणजे पत्र्याची शेड, बाजूला गवताच्या पेंढ्या, मध्ये लांबच्या लांब दावण. अकरा जनावरं बांधलेली. त्यांतली सात काळी. व्यापारी बनियनवर, हातात चहाचा ग्लास.

“बघा भाभी. पट्टीवाली कोणी नाही. पट्ट्या आम्ही उतरल्याबरोबर काढतो, खातात नाही तर.”

मी दावणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. मला वाटलं होतं, समोर आली की ओळखू येईल. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, सगळ्या रवंथ करत होत्या. एक माझ्या पदराला झोंबली आणि मी म्हणाले, “हीच का?” व्यापारी हसला. “भाभी, तो बोकड आहे.”

जाऊ दावणीपाशी आलीच नाही. ती शेडच्या तोंडाशी उभी राहिली आणि तिने हाक मारली. ती शेळ्यांना बोलावताना जिभेने टाळ्याला एक आवाज काढते आणि मग लांब ‘येऽऽ ये’ म्हणते. मी हे रोज सकाळी ऐकते, घरातल्या पंख्याचा आवाज ऐकावा तसं. तिने तीनदा हाक मारली. अकरा जनावरांनी ऐकलं, एकानेही मान वाकडी केली नाही.

“हितं न्हाय,” ती म्हणाली.

तिथे एक उलटी बादली होती, तिच्यावर मी बसले. सहा घरं. दोन ठिकाणी रात्रीच काम झालेलं. माझी खात्री होती की त्या दोनांतलीच एक ती असणार. मला करडांचे बसलेले आवाज ऐकू येत होते, तिथे भिवंडीत.

व्यापाऱ्याने मात्र एकेक फोन लावायला सुरुवात केली. दोन दुकानं होती, तिथे बोकड गेले होते. एका घरी तपकिरी पाठ, म्हणजे तरणी शेळी. एका घरी कोणी फोन उचलेना. पाचव्या फोनला पलीकडून कोणीतरी मोठ्याने बोललं, इतकं मोठ्याने की व्यापाऱ्याने फोन कानापासून लांब धरला. त्याने दोनदा “जी, जी खालाजान” म्हटलं आणि फोन ठेवला.

“भाभी,” तो म्हणाला, “एक जागा आहे. पण तुम्ही दोघीच जा. मला बघितलं तर ती म्हातारी मलाच कापेल.”

घर जुन्या भागात होतं, लूमच्या कारखान्याला लागून. रविवार असला तरी खटखट चालू होती, भिवंडीत सुट्टी शुक्रवारी. अंगणात मांडव, खुर्च्या, मोठाली पातेली. नातीचा अकीका होता. मूल झालं की जनावर कापून गोश्त वाटायचं, केस उतरवायचे, नाव ठेवायचं, तो दिवस. नळापाशी कसाई उकिडवा बसून चहात पाव बुडवत होता. त्याची पिशवी शेजारी, गुंडाळलेली.

जाऊने अंगणाच्या दारातूनच जिभेचा आवाज काढला. हाक पुरी व्हायच्या आत मांडवाच्या मागून ओ आली.

जाऊ धावली. मी मांडवाच्या खांबापाशी थांबले.

“तूच काय गो ती बाय?”

एक म्हातारी खुर्चीत बसली होती. पांढरी ओढणी, पायापाशी स्टीलचा टोप, टोपात निम्म्यावर दूध. तिची बोटं ओली होती.

“ही शेळी तुझी?”

“हो.”

“हिला करडं हायत?”

“दोन. सहा दिवसांची.”

“या अल्ला.” तिने कपाळाला हात लावला. “रात्रभर वरडली. आमच्या घरात कोनी झोपला नाय. सकाळी थैली सोडली, तर कास अशी दगडासारखी. मी हात लावला तशी धार लागली. सुरी घेऊन आलेला तो, त्याला म्हटला, बस, चाय पी, हिला हात लावायचा नाय. आत माझी सून पोरीला पाजते आन् बाहेर दुसरीला कापायची? आमची सकाळ गेली तुला शिव्या घालन्यात. कोन बेदर्द बाई असंल, पाजती शेळी विकनारी! कसली तंगी आली तुला?”

“तंगी नाही,” मी म्हणाले. “चूक झाली. पट्टी बदलली.”

“पट्टी?”

“गळ्यात पट्टी बांधतो. रंगाची. पिवळी म्हणजे विकायची, लाल म्हणजे…”

मी सांगत गेले. लाल, हिरवी, पांढरी. घरी माझ्या पत्र्यावर जे सरळ आणि स्वच्छ दिसतं ते त्या अंगणात उभं राहून बोलताना माझ्याच कानाला वेड्यासारखं वाटायला लागलं. म्हातारी शेवटपर्यंत ऐकत होती. कसाईसुद्धा पाव हातात धरून ऐकत होता.

“म्हंजी चिंधी बघायची,” म्हातारी म्हणाली, “आन् खाली लोंबणारी कास बघायची नाय?”

कसाई हसला. मग मागे पाहिलं तर दारात एक तरुण बाई उभी, कडेवर ओढणीत गुंडाळलेलं बाळ, तीही हसत होती. मला हसू आलं नाही. मी मान खाली घातली. माझ्या पायात दोन वेगळ्या चपला होत्या. एक माझी, एक जावेची.

जाऊ मांडवामागून चार नंबरला घेऊन आली. दोर धरलेला नव्हता, शेळी तिच्या मागून आपण होऊन चालत होती. मी तिच्याकडे पाहिलं. डाव्या कानाच्या टोकाला पांढरा ठिपका, तांदळाएवढा. फाटका ओठ. चार वर्षांत पहिल्यांदा.

मी व्यापाऱ्याला फोन केला, दुसरं जनावर ताबडतोब पाठवायला सांगितलं. म्हातारीने ते दूध गाळून एका बाटलीत भरून दिलं. मी नको म्हणत होते.

“तुझ्यासाठी नाय देत. करडांसाठी देते.” मग जावेकडे बोट करून म्हणाली, “हिला ऱ्हाऊ दे शेळ्यांकडं. तू चिंध्या संभाळ.”

जाऊ लाजली. मला ते बोलणं लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

शेळी स्कूटरवर येणार नव्हती. रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, “तीन सवारी. तिसरी का भी लगेगा, सीट गंदी की तो डबल.” जाऊ म्हणाली, “ती तुझ्यापेक्षा साफ हाय.” शेळी जावेच्या पायांत बसली आणि मी स्कूटरवरून मागे मागे. रिक्षाच्या मागच्या फटीतून मला तिचं एक शिंग दिसत होतं, मागे वळलेलं. तेव्हा कुठे वहीत लिहायच्या ओळी मनात जुळायला लागल्या. चार नंबर परत, वेळ साडेदहा. कास शेकणे. करडं पाजणे. लग्नाला निरोप.

घरी पोचलो तर हे दारात, खूश.

“सगळं केलं,” ते म्हणाले. “दोनदा बाटली. बिस्किटं नाही. आणि अंघोळ घातली.”

“कोणाला?”

“करडांना. किती चिकट झाली होती ती. गरम पाणी काढलं, साबण लावला, टॉवेलने पुसली. बघ कशी झालीत.”

करडं उन्हात उभी होती. लोकरीसारखी फुललेली, चकचकीत काळी. चार हातांवरून चंदनाचा वास येत होता. लग्नासाठी म्हणून मी आणलेली साबणाची नवी वडी होती ती.

जाऊ मटकन खाली बसली. मला तिच्याकडे बघूनसुद्धा कळलं नाही. मला वाटलं दमली.

चार नंबर अंगणात शिरली तेव्हाच तिने साद घातली. करडांनी ती ऐकली आणि दोन्ही उड्या मारत आली. मी मोबाईल काढला, फोटो घ्यायला. शेळीने पहिल्याच्या शेपटीखाली नाक नेलं. मग पाठीवर. मग परत शेपटीखाली. तेवढ्यात दुसरं कासेला लागायला गेलं. तिने मान वळवली, त्यालाही हुंगलं, एक पाऊल मागे घेतलं आणि डोकं खाली करून असं ढकललं की ते करडू गडगडत तुळशीच्या कट्ट्यावर जाऊन आदळलं.

आम्ही तिघंही जागच्या जागी. ती त्या दोघांवरून नजर फिरवत होती, ओरडत होती, हुंगत होती, आणि परत ओरडत होती. तिची करडं समोर होती आणि ती करडांना हाका मारत होती.

“काय झालं तिला?” ह्यांनी विचारलं.

“वास,” जाऊ म्हणाली. “शेळी वासावर ओळखते. तिला वाटते ही कोनाची.”

हे आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. नंतर मी आत गेले तेव्हा ते ओट्याशी उभे होते, समोर साबणाची वडी, ओली. “मी चांगलंच करायला गेलो,” ते म्हणाले. मला राग यायला हवा होता. पण मी सकाळपासून जे जे केलं होतं, किंबहुना चार वर्षांपासून, ते सगळं मीही चांगलंच करायला गेले होते.

त्या दिवसापासून हे असं चाललं आहे. सोमवारी सहा नंबर गेली. टेम्पो आला तेव्हा दोर मी स्वतः हातात दिला आणि आधी तिच्याकडे नीट पाहिलं. तिचे डोळे इतर सगळ्यांपेक्षा फिकट होते, मधाच्या रंगाचे. हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कळलं नाही, म्हणून समासात लिहिलं.

चार नंबरची कास शेकून मऊ झाली आहे, गाठ राहिलेली नाही. करडांच्या अंगाला जाऊ तिचंच दूध चोळते, शेपटीखाली सुद्धा, पाठीवर मिठाचं पाणी लावते म्हणजे शेळी चाटेल. दिवसातून चार वेळा मी तिची शिंगं धरून ठेवते आणि जाऊ करडं कासेला लावते. पहिले दोन दिवस तिने दोघांनाही लाथाडलं. मंगळवारी संध्याकाळी बोकडाला, म्हणजे नर करडाला, हुंगलं आणि लाथ उचलली नाही. बुधवारी त्याला आपण होऊन चाटलं. जाऊ मोठ्याने ओरडली, मला वाटलं काही भलतंच झालं.

आज गुरुवार. पाठीला, म्हणजे मादी करडाला, चार नंबर अजून जवळ येऊ देत नाही. तीच जास्त घासली गेली होती, तिच्याच अंगाला जास्त पीठ चिकटलं होतं. शिंगं धरली की ती पिते, सोडली की चार नंबर तिला बाजूला करते. जोरात नाही आता, नुसतं डोक्याने, पण करते. पाठही आता न ढकलताच दूर उभी राहायला शिकली आहे. मला त्याचीच भीती वाटते.

सकाळचं झालं, अकराचं झालं, तीनचं झालं. सहाचं धरायचं राहिलं आहे, आणि पत्र्यावर अजून असंच आहे: पाठ, आईला लावणे.